लिंबाला उसाचं पाणी

मंडळी, कळंबला धाकट्या बहिणीच्या दारात कागदी लिंबू लावायला गेलो होतो. आत्ताच परतलोय, डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या गावचं, कऱ्हाटीचं, आईने लावलेलं लिंबू यंदा वाळलं. त्याआधी त्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, दुसऱ्या रोपांवर बांधून मी कलमं केली होती. कुणी शिकवलं नाही, हात कापून घेत शिकलो. एकच जगलं. ते बहिणीने मागितलं.

तिच्या दारातली माती चोपण. ओली झाली की लगदा, वाळली की फरशी. म्हणून पोयटा आणि कुजलेलं शेणखत घालून गुडघाभर उंचवटा केला. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर ठेवला, तिथं ओल राहिली की खोड कुजतं.

जेवून बाहेर येतो तर दाजींनी उंचवटा मोडून आळं केलेलं आणि त्यात उसाला सोडतात तसा मोटारीचा पाईप सोडलेला. जोड पाण्याखाली!

"पाव्हणं, टेकाडावर झाड लावत्यात व्हय? पाणी कुठं ऱ्हायचं?"

"दाजी, ह्यो ऊस न्हाय!"

"मग काय च्या पाजू का त्याला?"

शेजारीपाजारी खदखदले. बहिणीने पाईप बंद केला, चिखलात बसून दोन्ही हातांनी रोप उकरलं आणि माझ्याकडे दिलं.

"दादा, तुझ्याकडंच लाव. हितं न्हाय जगायचं."

शिसारी आली त्या आळ्याची. रोप आता ओल्या गोणपाटात माझ्या ओसरीवर आहे. भिकार मातीत खत घालता येतं हो. पण आईचं लिंबू लेकीच्या दारात जगायचं, तर दाजींच्या डोक्यात काय घालू?