नऊ पोरींचा विमा आन् नऊ आयांची एकच जन्मतारीख

खुटबावच्या बायांनो, आज तुमची सगळ्यांची अब्रू मी वाचवली हाय, तेवढं वाचा.

आपल्या नऊ पोरी रविवारी केडगावला दहा किलोमीटर पळणार हायत. अपघात विमा असल्याशिवाय पळू देत न्हाईत, आन् ते बरोबरच हाय. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पोरगी पडली तर कोण बघणार?

पळण्याच्या सरांनी फॉर्म पाठवले होते. आज सकाळी विम्याच्या ऑफिसातून फोन आला, सगळे फॉर्म परत! नॉमिनी म्हणून आपली आयांची नावं, आन् आपल्या नऊही जणींची जन्मतारीख एक जून. तिथल्या मॅडमना वाटलं, फॉर्म खोटे हायत. सर बिचारे घाम पुसत नुसते "मॅडम, मॅडम" करत होते.

मी शेजारीच उभी, मला एवढा दम कुठला? फोनच हिसकावला.

"ओ मॅडम, आमच्या घरी कुणी तारखा लिहून ठेवल्या न्हाईत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एक जून लावला. आधारवर पण तेच हाय. तुमच्या आईची तारीख काय हाय?"

मॅडम हसायलाच लागल्या. "मावशी, एक जूनच आहे हो!"

"मग तुमची आई पण खोटी का?"

दुपारी विमा मंजूर झाला. रविवारी पोरी पळणार!

फॉर्म परत बघितले. पोरींच्या तारखा मात्र नऊच्या नऊ वेगळ्या, दवाखान्यात लिहिलेल्या, खऱ्या. लई बरं वाटलं.

तुमच्यात एक जूनवाल्या किती? लाजू नका, सांगा.