अकरा वेळा हाजिर

पलटणीची एक रीत होती. स्थापना दिनाला जवान निशाणासमोर उभे राहत आणि आलेल्यांतला सर्वांत जुना माणूस एकाहत्तरच्या लढाईत टेकडीवर पडलेल्या अकरा जणांची नावं पुकारी. प्रत्येक नावाला अख्खी पलटण “हाजिर!” म्हणे. हातात कागद चालत नसे. आपल्याच माणसाचं नाव कागदात कसलं बघायचं, असं जुने लोक म्हणत.

यंदा पलटण सिकंदराबादेत होती आणि सर्वांत जुने निघाले जवळच्याच कुकटपल्लीचे निवृत्त नायब सुभेदार सूर्यभान ढगे. वय पंच्याहत्तर. टेकडीवर ते त्या अकरांबरोबरच होते.

नात शिवानीनं हुद्द्याप्रमाणे यादी करून दिली होती. महिनाभर ते घोकत होते आणि रोज एखादं नाव गळत होतं.

“टेन्शन नक्को घेऊ, आजोबा. तळहातावर लिहून न्या ना.”

“त्यापेक्षा मी जातच नाही.”

“कोथिंबीर सांगितली की पुदिना आणता तुम्ही,” त्यांची बायको केसरबाई म्हणाल्या. “पण ही माणसं तुमची आहेत. चला मुकाट्यानं.”

मैदानात बिगुल थांबला. सूर्यभाननी चार नावं खणखणीत पुकारली. पाचव्याला डोकं कोरं पडलं. सगळे ताठ उभे. कुणी खाकरलंही नाही. एखादा राहिला, तर त्याच्यासाठी आज कुणीच हाजिर म्हणणार नव्हतं.

यादी आठवेचना, तेव्हा त्यांनी ती सोडूनच दिली. डोळे मिटले. समोर त्या दिवसांतली लंगरची जेवणाची रांग आली. सगळ्यांत पुढे ताट वाजवत लिंबाजी, नेहमीचा हावरा.

“शिपाई लिंबाजी साळवे!”

“हाजिर!”

रांग सरकत गेली, तशी नावं येत गेली. आधी पुकारलेला कुणी दिसला की ते मनात म्हणत, ‘तुझं झालं, सरक पुढे.’ रांग संपली. ते मागे वळले. कुणी राहिलं तर नसेल?

मंडपात केसरबाई आणि शिवानी बसल्या होत्या, तिथे येऊन ते बायकोशेजारी बसले.

“अकरा,” केसरबाई म्हणाल्या. “पुरे अकरा. मी मोजत होते.”

“नक्की?”

“माझी दहा बोटं संपली, मग हिचं एक धरलं.”

सूर्यभाननी मोठा श्वास सोडला आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

“आता सोड ना, आजी,” शिवानी म्हणाली. “दुखायलंय.”