पोलादाची पिन

जहागीरदारांची मोटरबोट मुंबईहून आली आणि रंकाळ्यात उतरली, तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका कारखान्यात लेथवर होतो. महाराजांच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. शाहूवाडीकडच्या आमच्या घरात भातशेतीपलीकडे कुणी काही केलं नव्हतं. लोखंडकाम मला शिकवलं ते आमच्या मिस्त्रींनी. पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ, हाताने आणि तोंडाने सारखेच कडक.

बोटीचं मूळचं इंजिन जहागीरदारांना मवाळ वाटलं. त्यांनी चाळीस घोड्यांच्या ताकदीचं नवं मागवलं, ते आम्ही बसवलं. इंजिन एक लांब शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, फिरवायचं आणि तो शाफ्ट बोटीच्या मागचा, पाण्यातला पंखा फिरवायचा. शाफ्ट मात्र जुनाच, नव्या ताकदीपुढं बारीक. म्हणून मिस्त्रींनी इंजिन आणि शाफ्टच्या जोडावर पितळेची पिन घातली. पंख्यात काही अडकलं की पिन कटकन तुटायची, बोट थांबायची आणि बाकी सगळं शाबूत राहायचं.

पण रंकाळ्यात शेवाळ भरपूर. दर फेरीला पिन तुटे, बोट वल्ही मारत परत आणावी लागे आणि काठावर धुणं धुणाऱ्या बाया फिदीफिदी हसत. तिसऱ्या खेपेला जहागीरदारांनी मिस्त्रींच्या पाठीवर चाबूक ओढला.

"पितळ घालतोस व्हय रं? पोलाद मिळंना तुला?"

"सरकार, पोलाद न्हाय तुटायचं," मिस्त्री म्हणाले. "मग दुसरं कायतरी तुटंल."

त्यावर आणखी एक फटका बसला.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री भाचीच्या लग्नाला आजऱ्याला गेले. जहागीरदार स्वतः कारखान्यात आले आणि मला म्हणाले, "तुला जमतंय का?"

एवढा मोठा माणूस मला विचारतोय! मी छाती फुगवून म्हणालो, "व्हय की, सरकार." जुन्या कानशीचं पोलाद घेऊन मी पिन केली, बसवली आणि वर झाकण आवळलं. मिस्त्री परतल्यावर त्यांनी विचारलं, "पिन बघितलीस?" मी "व्हय" म्हणालो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सकाळची वेळ होती. सुकाणूच्या चक्रावर जहागीरदार, इंजिनाशी मिस्त्री, मागे मी. बोटीनं नाक वर काढलं, पाण्यातल्या म्हशी उधळल्या. "आणखी सोड!" जहागीरदार ओरडले. तेवढ्यात पंखा पाण्याखालच्या दगडावर आदळला. पिन तुटली नाही. शाफ्ट मधोमध तुटला आणि इंजिनाला चिकटलेला त्याचा तुकडा वाकून गरागरा फिरू लागला. फळ्या उडाल्या. तो तुकडा मिस्त्रींच्या गुडघ्यावर बसला, एकदा, दोनदा, तीनदा. हाड फुटल्याचा आवाज मला इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू आला. मी तार उपटून इंजिन बंद केलं, तोवर बोटीत शिरलेलं पाणी लाल झालं होतं.

काठ जवळच होता. मी मिस्त्रींना काखेत धरून ओढत आणलं. जहागीरदार आमच्याआधी पोहून पोहोचले होते. त्यांनी पडलेल्या मिस्त्रींना लाथ घातली.

"माझी बोट फोडलीस, हरामखोर!"

"सरकार, पिन मी केलीया!" मी ओरडलो. त्यांनी ऐकलंच नाही. काठावर थांबलेल्या नोकराच्या हातातला चाबूक घेऊन त्यांनी मिस्त्रींवर उगारला. मी तो हिसकावला आणि त्यांच्या तोंडावर ओढला. ओठ फाटला. मग त्यांचे दोन नोकर वल्ही घेऊन माझ्यावर तुटून पडले. माझ्या दोन फासळ्या मोडल्या. मेलोच असतो, पण त्या धुणं धुणाऱ्या बाया हातातली धोपाटणी घेऊन धावल्या आणि नोकरांच्या पाठी त्यांनी सडकून काढल्या.

"महाराजांच्या कानावर घालू!" त्यातली एक ओरडली, तसे जहागीरदार गाडीत बसून निघून गेले.

मिस्त्रींचा पाय मांडीपासून कापावा लागला. मला चालता येऊ लागल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. काठावरचं माझं ओरडणं त्यांच्या बायकोच्या, चाचींच्या, कानावर गेलं होतं; त्यांनी दारातच माझी गचांडी धरली. आतून मिस्त्री म्हणाले, "सोड त्याला, येऊ दे."

मी खाटेपाशी बसून सगळं सांगितलं.

"शाफ्ट तुटला तवाच कळलं मला," ते म्हणाले.

"मग कुनाला सांगितलं का न्हाय?"

"सांगून पाय येनार हुता?" असं म्हणत त्यांनी उशाचा तांब्या उचलला आणि माझ्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं. मी हललो नाही. थोड्या वेळानं ते रडायला लागले, मग मीही.

कारखान्यानं आम्हा दोघांनाही काढलं. मिस्त्रींनी घराच्या पडवीत ऐरण मांडली. ते बसून ठोकत, घासत. उभ्यानं करायची कामं आणि पळापळ माझ्याकडे. चाचींनी वर्षभर माझ्याशी शब्द काढला नाही. दुपारी मात्र त्या दोन ताटं मांडायच्या, एक मिस्त्रींचं, एक माझं.