हिरालालचे कान

बालाघाटात लाऊडस्पीकरचे डबे बनवणारे बरेच होते, पण हिरालाल मेश्रामच्या कानाला तोड नव्हती. नवा डबा वाजवून बघितला की तो लगेच सांगायचा, कुठे घुमतो, कुठे फाटतो. लांजी-किरनापूरचे मंडपवाले त्याच्यावरच विसंबून असत. मात्र उभा जन्म भोंग्यांसमोर काढल्यावर तेच कान हळूहळू गेले. ही गोष्ट त्याने कोणाला कळू दिली नाही. समोरच्याचे ओठ बघून तो वेळ मारून न्यायचा.

लेक समीक्षा नागपूरहून इंजिनिअर होऊन घरी आली. म्हणाली, "बाबा, आता आधी कॉम्प्युटरवर डबा बांधू. तिथंच वाजवून पाहू. मंग लाकूड कापू."

तिने पडद्यावर डबा उभा केला. आवाज सुरू होताच डब्याची मागची भिंत कुठे थरथरते, ते लाल रंगात दिसू लागलं. या थरथरीनेच भाषणातले शब्द गिचमिड होत होते. समीक्षाने आत एक आडवी पट्टी बसवली, समोरचं भोक थोडं मोठं केलं. लाल रंग विरला. हिरालाल बघतच राहिला. ज्याच्यासाठी तो आयुष्यभर कान लावून बसला, ते आज डोळ्यांना दिसत होतं.

त्याने त्याबरहुकूम डबा बनवला. समीक्षाने तारा जोडल्या, कळ दाबली. घरी आल्यापासून तिला बाबांच्या कानांची शंका येत होती. तिने वळून विचारलं, "कसा वाटला आवाज?"

"एकदम साफ, बेटा! शब्द न् शब्द कळून राह्यला."

समीक्षाचा चेहरा उतरला. "बाबा, मी अजून गाणं लावलंच नाही."

तो खाली बघू लागला. तिने हनुवटी धरून त्याचा चेहरा वर केला.

"काहून नाही सांगितलं मले?"

"कानावरच तं नाव होतं माझं. काय सांगू?"

गोंदियाच्या डॉक्टरने तपासून मान हलवली. फार उशीर झाला होता. कानातल्या यंत्राने नुसती खरखर यायची.

भीमजयंतीला तो डबा किरनापूरच्या विहारासमोर लागला. अगदी मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायाही भाषणाला माना डोलावत होत्या. लोक येऊन हिरालालची पाठ थोपटत होते, अन् तो समीक्षाकडे बोट दाखवत होता.

परतताना तो तिच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. लेकीचा आवाज आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. परकर-पोलक्यातल्या पोरीची हाक आठवली. आताच्या समीक्षाचा आवाज कसा होता, ते काही केल्या आठवेना.