एकच कुकारो

सासूबाईंना मी एकदा डोंगरावर हरवलं. मुद्दाम नाही.

दोन हजार तीन सालची गोष्ट. त्यांचं माहेर वैभववाडीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, आणि माहेरची देवी थेट माथ्यावर. लहानपणी वडिलांबरोबर एकदा गेल्या होत्या, त्यानंतर राहूनच गेलं. आता डॉक्टरांनी गुडघ्यांना चढ कायमचा बंद सांगितला, तेव्हा हट्ट धरून बसल्या, चढ बंद करण्याआधी एकदा देवीची ओटी भरायचीच. बायकोचा पाय नेमका मुरगळलेला. ती खाली रिक्षातच थांबली आणि मला बजावलं, "आईला सांभाळून आणा." मी म्हटलं, "मी आहे ना!" (हे वाक्य बोलून मी आजवर काहीच निभावलेलं नाही.)

चढताना सासूबाईंनी रानातला नियम सांगितला. इथे कुणाला नावाने हाक मारायची नाही, 'कू' असा कुकारो घालायचा. "माणूस दोनदा घालता. एकदाच इलो, तर गप रवायचा." मी जामसंड्याला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे त्यांना ध्वनी, परावर्तन वगैरे बरंच समजावलं. त्या चढत राहिल्या. समजावण्यात माझाच दम संपला.

माथ्याजवळच्या सड्यावर, उघड्या कातळावर, मी बसलोच. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्या दहा पावलं गेल्या असतील-नसतील, धुकं उतरलं. सकाळचे नऊ वाजलेले आणि मला माझे बूट दिसेनात! पाखरूही बोलेना. चाचपडत पुढे गेलो, तर कुणी नाही. एका अंगाला दरी. होता नव्हता तो दम एकवटून कुकारो घातला. दुसऱ्यापुरता छातीत उरला नाही.

उत्तर नाही. मग बऱ्याच वेळाने, अगदी जवळून, बारीक आवाजात, "कू."

एकदाच.

मी गप्प. परावर्तनही गप्प. दगडाला पाठ लावून येत होती तेवढी स्तोत्रं म्हटली, ती संपल्यावर पाढे घेतले. तुझी आई वरच राहिली, हे बायकोला कसं सांगायचं ते मनात तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा मला रडू आलं.

धुकं विरलं. पंधरा हातांवर देऊळ होतं. पायरीवर सासूबाई, ओटी भरून झालेली, तोंडात खोबरं, चेहरा लहान मुलीसारखा.

"आई, माझा आवाज ऐकला नाहीत?"

"आयकलंय. पण एकच इलो. म्हटला, ह्यो आमचो जावय नाय."

"मग नंतर तुम्ही घातलात, तो एकदाच का?"

"तुमी विज्ञानाचे मास्तर. तुमका खंय पटता ह्या? म्हटला, एक पुरे."

मला हसू फुटलं. हसतच उतरायला लागलो. सड्याच्या टोकाशी आलो, तोच मागून आवाज आला. "कू."

आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. दुसऱ्या आवाजाची मी वाट पाहिली. तो आला नाही.

"मागे बघू नकात," सासूबाई हळूच म्हणाल्या.

खाली पोचलो तेव्हा बायकोने लांबूनच पाहिलं, नवऱ्याने आईचा हात घट्ट धरलेला. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, किती जपून आणलंत हो आईला.

सासूबाईंनी तिला काही सांगितलं नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आता सोडा, मास्तर. रस्तो इलो."