अर्थिंगला पाणी

शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजला. स्क्रीनवर ‘रशीदभाई’ दिसलं आणि पलीकडचं काही ऐकायच्या आतच मी नेहमीसारखी म्हणाले, “घातलं हो, घातलं पाणी. सकाळीच घातलं.” पलीकडे कोणीच बोलेना. त्यात मला काही नवल वाटलं नाही, कारण माझं उत्तर ऐकून जरा वेळ गप्प राहायची त्यांना सवयच होती. मग एका मुलीचा आवाज आला. “मॅडम, मी सलमा. अब्बा गेले... सकाळी. छातीत दुखतंय म्हणाले, आणि नगरला न्यायला गाडी येईस्तोवर...” पुढचं तिला बोलवेना. मी हाडांची डॉक्टर, रोज कोणाला ना कोणाला धीर देते. त्या दिवशी नुसता फोन कानाला धरून सलमाचं रडणं ऐकत राहिले.

रशीदभाईंचं शेवगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून देणं हा त्यांचा धंदा, आणि माझ्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन जिवंत ठेवणं हा त्यांचा हट्ट. मशीन मी जुनंच घेतलं होतं. पहिल्याच महिन्यात ते रुसलं, कंपनीचा माणूस ‘येतो येतो’ म्हणून आला नाही, तेव्हा कोणीतरी यांचं नाव सांगितलं. पायजमा-शर्टातला हा किडकिडीत माणूस बघून मी कपाळाला हात लावला होता. त्यांनी मात्र मशीनभोवती दोनदा फेरी मारली, तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला कान लावला आणि मलाच शिकवायला सुरुवात केली. “मॅडम, घरातला करंट दोनशे तीस व्होल्टचा. ह्यो डबा त्याचे साठ-सत्तर हजार करतो. पाणी तेवढंच हाय, पण नळीचं तोंड दाबलं की लांब उडतं, तसं.” डॉक्टरीच्या पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

पुढे लोडशेडिंगला वैतागून मी डिझेलचा जनरेटर घेतला, तर फोटो धुरकट यायला लागले. मी जनरेटरवाल्याच्या नावानं खडे फोडत बसले. रशीदभाई आले, फ्रीज बंद केला, पंखे बंद केले, बाहेरची ट्यूबसुद्धा घालवली. बटण दाबलं की मशीन क्षणभर जो घोट मागतं तो छोट्या जनरेटरला झेपत नाही, व्होल्टेज बसतं आणि फोटो फिका पडतो, हे त्यांचं निदान. “करंट कमी ठेवा, वेळ वाढवा. पेशंटला म्हणावं, तेवढा वेळ हलू नको.” त्या दिवसापासून फोटो स्वच्छ येऊ लागले.

त्यांच्या दोन सवयींना मी फार हसायचे. एक म्हणजे कुठल्याही मशीनला ते आधी हाताची मागची बाजू लावून बघत. करंट असला तर तळहात आवळला जातो, सुटत नाही; उलटा हात झटकला जातो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, “रशीदभाई, पोराला ताप आलाय का बघताय काय?” दुसरी सवय अर्थिंगची. दवाखान्यामागे त्यांनी खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून मशीनच्या अंगाला जोडलेली तांब्याची पट्टी पुरली होती, चुकून मशीनमध्ये उतरलेला करंट माणसाला न लागता जमिनीत जावा म्हणून. माती ओली असेल तरच करंट तिच्यात मुरतो, म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात गेलंच पाहिजे. नमाज झाली की दर शुक्रवारी फोन. “मॅडम, अर्थिंगला पाणी घातलं का?”

दहा-अकरा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा वाईट होता. टँकर चार दिवसांनी यायचा. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन भांडायच्या, आणि आमची दवाखान्यातली कांताबाई दोन भरलेल्या बादल्या घेऊन मागच्या खड्ड्याकडे निघालेली मी पाहिली. डोकं फिरलं माझं. “माणसांना प्यायला नाही आणि तू मातीला पाजतेस? बंद कर हे!” असं तिला सगळ्यांदेखत झापलं. त्या शुक्रवारी फोन आला तेव्हा ‘घातलं’ म्हणून मोकळी झाले. नंतरच्या शुक्रवारीही तेच. असं सात-आठ आठवडे चाललं.

मग एका दुपारी चिंचा झोडताना झाडावरून पडलेल्या एका माणसाला त्याचा भाऊ जीपमध्ये घालून घेऊन आला. हात हलत होते, पाय हलत होते, पण मानेला हात लावू देत नव्हता. मान मोडली असेल आणि तशीच त्याला नगरच्या रस्त्याला लावली, तर एका खड्ड्यात तो जन्माचा लुळा झाला असता. आधी फोटो हवा होता. शिवारातले पंप सुरू असल्यामुळे व्होल्टेज पार पडलेलं, म्हणून नशिबानं रशीदभाई सकाळपासून स्टॅबिलायझर उघडून बसले होते. काम झालं तसं मी ओरडले, “चला, घ्या ह्याला टेबलावर!” चौघांनी त्याला निजवलेल्या फळीसकट उचललं. रशीदभाई दारात आडवे उभे राहिले. “एक मिनिट, मॅडम.” मी चिडून काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. ते आत गेले आणि त्यांनी मशीनच्या खांबाला उलटा हात लावला.

ठण्णकन आवाज झाला आणि ते भिंतीवर जाऊन आदळले. मी धावले. नाडी लागेना, मग लागली, पण कशीतरीच, अडखळत. दोन बोटांची मागची कातडी काळी पडली होती. फळी धरलेले चौघे दारात तसेच उभे, आणि वरचा माणूस विचारतोय, “काय झालं? काय झालं?” डोळे उघडल्यावर रशीदभाईंचा पहिला शब्द होता, “मेन बंद करा.”

पंधरा मिनिटांत त्यांनी दोष शोधला. ट्रॉलीच्या चाकाखाली येऊन येऊन वायरचं आवरण फाटलं होतं आणि तार मशीनच्या अंगाला लागली होती. तिथं पट्टी गुंडाळून झाली. पण हा करंट जमिनीत का गेला नाही, फ्यूज का उडाला नाही, हे त्यांना विचारायची गरज नव्हती आणि मलाही. ते भिंत धरत मागच्या खड्ड्यापाशी गेले, मी त्यांच्या मागून. त्यांनी मूठभर माती उचलली. पिठासारखी ती बोटांतून गळून गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... आणि कांताबाईला म्हणाले, “पानी आन, बाई.”

एका वायरीनं त्यांनी बल्ब लाईनला जोडला, दुसरी वायर अर्थिंगच्या पट्टीला. माती करंट घेईल तसा बल्ब उजळणार होता; आत्ता त्यात नुसती लाल रेघ दिसत होती. एक बादली ओतली, रेघ पिवळी झाली. आतून तो माणूस कण्हत होता, त्याचा भाऊ येरझारा घालत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव घेत एका बल्बकडे बघत बसले होते. चौथ्या बादलीला तो पांढरा लखलखला. मग त्यांनी पुन्हा उलटा हात लावून पाहिला, तोच भाजलेला. “घ्या आता.” फोटोत मानेचा मणका मोडलेला दिसला. दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून मान बांधली आणि त्याला नगरला पाठवलं. तो माणूस आज चालतो.

पण गाडी निघण्याआधी त्याचा भाऊ आवारात ओरडला होता, “मशीनमदी करंट आलाच कसा? आमचा मानूस मेला असता म्हंजी?” आवार माणसांनी भरलेलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात रशीदभाई म्हणाले, “माजी चूक झाली, भाऊ. अर्थिंग बघायचं काम माजं हुतं.” मी तोंड मिटलं. डॉक्टरच्या हलगर्जीपणाची बातमी गावात पसरली तर दवाखाना बसेल, एवढंच त्या क्षणी मनात आलं. नंतर बोलू म्हटलं. गावातल्या दोन डॉक्टरांनी आपल्या मशिनांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं, तेव्हाही मी नंतर बोलू म्हटलं. त्यांनी कधी विषय काढला नाही. शुक्रवारचा फोन मात्र चुकला नाही. पाणी घातलं का, मी म्हणायचे घातलं, आणि आता ते खरं असायचं, कारण बादली मी स्वतः न्यायचे. मग ते जरा वेळ गप्प राहायचे आणि म्हणायचे, “बरं, ठेवतो.”

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. भाभींसमोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “आमाला ठावं हाय, मॅडम. त्याच सांजंला सांगितलं हुतं त्यांनी. मी लई भांडले, म्हनलं, तुमी का म्हून अंगावर घेतलं? तर म्हनले, बाई वाईट न्हाई, घाबरली. सांगंल कधीतरी आपल्या तोंडानं.” पदरानं डोळे पुसून त्या पुढे म्हणाल्या, “फोनवर लई वेळ थांबायचे बगा तुमच्यासाठी. मी इचारायची, काय ऐकताय एवढं? तर बोट व्हटावर ठेवायचे.”

त्या गप्प राहण्याला मी इतकी वर्षं त्यांची नुसती सवय समजत होते.

आता दवाखान्यात नवीन डिजिटल मशीन आहे, पण खड्डा तोच आहे आणि रशीदभाईंचा तो बल्ब मागच्या खिळ्याला अजून लटकतो. ज्या दोन डॉक्टरांनी त्यांना तोडलं, त्यांच्याकडेही हा पेपर जातो, म्हणून हे छापायला देते आहे. परवा शुक्रवार होता. अडीचला मी बादली घेऊन मागे गेले, कांताबाईनं बल्ब जोडला. पाणी मुरेपर्यंत दोघीही उभ्या होतो. फोन वाजणार नव्हता, तरी हातात धरला होता. बल्ब पांढरा झाला तेव्हा मी कांताबाईदेखत मोठ्यानं म्हणाले, “आज घातलंय, रशीदभाई. त्या उन्हाळ्यात नव्हतं घातलं. मीच नको म्हणाले होते.”