शुक्रवारी मोजलेला मजला

नानांना कुणाच्याही घरी न्या, चपला काढायच्या आधी त्यांची मान वर जायची. यजमान "या, बसा" म्हणत उभा, आणि हे आपले छताकडे बघतायत. बीम कुठून कुठे गेलाय, ओल कुठे आहे, कुठली चीर बुजवून वर चुना फासलाय, हे सगळं पाहून झालं की मग ते जागा निवडायचे. ती जागा नेहमी खांबाजवळची. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाचा पगार, शिक्षण राहिलं बाजूला, यांनी त्याच्या वडिलांना विचारलं, "गच्चीवरची टाकी किती लिटरची?" काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. लग्न जमलं, पण व्याह्यांनी पुढच्याच महिन्यात टाकी खाली उतरवून घेतली.

सगळी भिवंडी त्यांना दीडपट नाना म्हणायची. निजामपुऱ्यात रिक्षादुरुस्तीच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं, दहा बाय बाराची खोली. कारखान्यांच्या, गोदामांच्या इमारतींना किती लोखंड, किती जाडीचा खांब लागेल, हा हिशोब करून नकाशावर सही करायची, हे त्यांचं काम. जे वजन येईल त्याच्या दीडपट धरायचं हे तर पुस्तकातही असतं. पण पुस्तकात ते वाचणं वेगळं आणि नानांच्या तोंडून ऐकणं वेगळं. "एकपट वजनासाठी रे," ते म्हणायचे, "आणि अर्धी पट आपल्या अडाणीपणासाठी." एकदा एक शेठ वैतागून म्हणाला, नाना, मकान बना रहा हूँ, किला नहीं. नाना शांतपणे म्हणाले, "किला भी गिरता है सेठ, मैं देख के आया हूँ."

आणि खरंच बघून आलेले असायचे. कुठे सज्जा पडला, कुठे कंपाउंडची भिंत आडवी झाली, असं कानावर आलं की नाना छत्री घेऊन निघाले. तिथे जाऊन तुटलेलं लोखंड हातात घेऊन बघायचे, काँक्रीटचा तुकडा चुरायचे, गवंड्याला शेजारी बसवून बोलतं करायचे. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली वाकडी, गंजलेली सळईसुद्धा अशाच एका पडलेल्या सज्ज्यातली. लोक मागून गिधाड म्हणायचे. नानांना ते ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडायचं. उभ्या इमारतीला विचारून काही कळत नाही, ती लबाड असते, पडलेली खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं.

जे बघून यायचे ते एका लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या वहीत जायचं. आम्ही तिला पडकी वही म्हणायचो. तिच्यात चार रकाने होते: काय पडलं, का पडलं, चूक कुणाची, आणि पुढे काय करायचं. आपल्या ऑफिसच्या कामात काही बिघडलं तर तेही त्याच वहीत. त्यासाठी मात्र एक नियम होता. चौथा रकाना ज्याने चूक केली त्यानेच, स्वतःच्या अक्षरात भरायचा. दुसऱ्याने लिहिलेली अक्कल माणसाला लागत नाही, असं नाना म्हणायचे.

मी खाडीकाठच्या कोन गावचा. घरात मासेमारीला जाणारी माणसं, मग जमिनीवर गोदामं उठली आणि आमच्यातली पोरं शिकायला लागली, त्यातला मी. डिप्लोमा करून नानांकडे लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला पडक्या वहीचं पहिलं पान मोठ्याने वाचायला लावलं. ते नानांचंच होतं. तरुणपणी एका गावात पाण्याच्या टाकीचा मनोरा बांधला, टाकी रिकामी असताना तपासून पास केला, आणि पाणी भरल्यावर तो कलला. खाली बांधलेली म्हैस मेली. चौथ्या रकान्यात नानांनी लिहिलं होतं, "रिकाम्या टाकीवर समाधान मानू नये." मी ते ठणठणीत आवाजात वाचलं. घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिचं भलतंच. "ते नाना हायत तवर तुला कसली फिकीर न्हाय," ती म्हणाली. तिचं ते वाक्य आजही आठवलं की मान खाली जाते.

चालत्या कारखान्याची तपासणी करायची नानांची रीत अशी, की सगळे लूम, म्हणजे कापड विणायचे माग, चालू असताना वरच्या मजल्यावर जायचं, जमिनीवर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं. पाणी थरथरतं किती, लाटा कुठल्या बाजूला जातात, हे बघत राहायचे. लूमचा खडखडाट असा, की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. सुताचे तंतू नाकातोंडात. कामगार हसायचे, बुढऊ पूजा में बैठे हैं म्हणायचे. मग दोन खांबांमध्ये दोरी ताणून बीम किती खाली वाकलाय ते मोजायचे. घरी जाताना नानांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

आता माझं सांगतो.

निजामपुऱ्यातल्याच एका गल्लीत अन्सारीशेठचा कारखाना होता. खाली लूम चालायचे, वर कापडाचे तागे ठेवायचे आणि दोन लूम. शेठला वर आणखी आठ लूम बसवायचे होते. इमारत जुनी. नाना म्हणाले, आधी मोजू, मग किती बीमखाली लोखंडी टेकू द्यायचे ते ठरवू. शेठचं म्हणणं एवढंच, की टेकू कमी द्या, खाली माणसांना फिरायला जागा राहत नाही. माणूस भला होता, त्याने दुसरं काहीही सुचवलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे गल्लीतल्या लोकांनी त्याच्यावरही बोट दाखवलं.

त्या आठवड्यात नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोजायला एकटाच मी. शनिवारी जायचं ठरलेलं. पण शनिवारी मला कल्याणला मुलगी बघायला जायचं होतं. दुपारचं बोलावणं, सकाळी कारखान्यात बसलो असतो तर केसांत सूत आणि अंगाला तेलाचा वास घेऊन गेलो असतो. नवा पांढरा शर्ट शिवला होता. म्हणून मी शुक्रवारी गेलो. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. चौकीदाराने कुलूप काढून दिलं, आत शांत, गार. तासाभरात दोरी लावून मोजलं, आकडे कागदावर उतरवले. ग्लास बरोबर नेला होता. तो भरलासुद्धा नाही.

शनिवारी मुलगी पसंत पडली. तीच आज माझी बायको आहे. तिच्या घरच्यांनी माझ्या शर्टाचं कौतुक केलं होतं, हे ती अजून सांगते, आणि मी विषय बदलतो.

सोमवारी नानांच्या घरी गेलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने आधीच अंधुक दिसायचं, असे ते खांबाजवळच्या खुर्चीत बसलेले. म्हणाले, वाच. मी आकडे वाचले. कागदाच्या वर तारीख आणि वार लिहिलेला होता, तो सोडून दिला. नानांनी विचारलं, पाणी कितपत हललं? मी म्हणालो, थोडंसंच. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली.

"सगळं वाचलंस?"

"हो नाना."

ते बरं म्हणाले. काकूंनी चहा आणला, मुलीबद्दल विचारलं, नाना पट्टीखालून हसले. त्या आकड्यांवरून हिशोब झाला आणि फक्त मधल्या बीमखाली टेकू द्यायचं ठरलं. बाजूच्या दोन बीमना गरज नाही असं निघालं. निघायचंच, बंद लूमला कसला हादरा! सही करायच्या आधी नाना म्हणाले, मधल्या टेकूंचं लोखंड हिशोबात आलंय त्याच्या दीडपट कर. मी म्हणालो, नाना, दीडपट आधीच धरलंय. ते म्हणाले, "ते वजनासाठी धरलंस. आता मी बघितलेलं नाही, म्हणून धर." माझं बोट धरून त्यांनी सहीची जागा चाचपली आणि सही केली.

वरचे आठ लूम सुरू झाले आणि दीड महिन्याने, भर दुपारच्या शिफ्टला, बाजूचा बीम तुटला. स्लॅबचा तो कोपरा खाली आला आणि मधल्या टेकूंवर अडकून राहिला. ते जाड टेकू वाकले, पण मोडले नाहीत. तेवढ्या वेळात खालची चौदा-पंधरा माणसं बाहेर पळाली. वरचा एक लूम घसरून इद्रिस नावाच्या कारागिराच्या पायावर पडला. गुडघ्याखाली पाय गेला. बाकी कुणाला काही झालं नाही. त्या टेकूंना माझ्या आकड्यांइतकंच लोखंड असतं, तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करायला घेतलाय आणि एकदाही शेवटपर्यंत केलेला नाही.

चौकशीला साहेब आले तेव्हा मी नानांच्या मागे उभा होतो. साहेबांनी विचारलं, मोजणी कुणी केली? नाना म्हणाले, "सही माझी आहे. बाकीचं विचारू नका." मी तोंड उघडायला हवं होतं. एक पाऊल पुढे टाकायचं, बस. नाही टाकलं. लग्न ठरलेलं, पत्रिका छापायला गेलेली, अशी शंभर कारणं त्या मिनिटात माझ्यापाशी होती, आणि आज त्यातलं एकही सांगायची लाज वाटते.

नानांनी स्वतःहून काम सोडलं. आयुष्यभराची पत गेली. व्याह्यांच्या घरीही लोक कुजबुजायचे, टाकी उतरवायला लावणारे हेच का ते. पडकी वही आणि ती वाकडी सळई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ऑफिस तू चालव. मला वाटलं, त्यांना काही कळलेलं नाही. दर आठवड्याला ते इद्रिसला भेटायला जायचे. त्याला राहनाळच्या एका गोदामाच्या फाटकावर बसून करायचं काम त्यांनीच मिळवून दिलं. मी त्यांना माझ्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं. ते उठून खांबाजवळ जाऊन बसले. चार वर्षांनी ते गेले, आणि तोवर मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी वहीत नोंद केली होती. ते पान मी कितीदा उघडलं असेल! पहिल्या रकान्यात कारखाना. दुसऱ्यात, "लूम बंद असताना मोजणी." म्हणजे पट्टी सुटल्यावर त्यांनी कागद काढून वार वाचला होता. तिसऱ्यात, "माझी. कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचला नाही." चौथा रकाना कोरा. आणि मी काय केलं? माझ्याकडे नवीन मुलं लागली की मी त्यांना वही वाचायला द्यायचो, नानांची आठवण म्हणून. त्यांनी ते पान नानांची चूक म्हणून वाचावं आणि मी समोर बसून चहा प्यावा, असं वर्षानुवर्षं चाललं.

परवा स्नेहल नावाची नवी इंजिनिअर मुलगी वही वाचत होती. त्या पानावर थांबली. पुन्हा मागे गेली, पहिलं पान बघितलं, परत आली.

"सर, नानांनी स्वतःच्या चुकीचा चौथा रकाना नेहमी भरलाय. इथे का नाही भरला?"

इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. म्हणायला मला तेव्हाही काहीतरी सुचत होतं, आजारी होते, विसरले असतील. पण नाना काही विसरणारे नव्हते. तो रकाना त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता, एवढी वर्षं, आणि ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हाच मला ते कळलं होतं. मी तिला म्हणालो, ती चूक नानांची नव्हती, माझी होती. मग तिला समोर बसवून शर्टासकट सगळं सांगितलं. तिने स्वतःचं पेन पुढे केलं.

मी लिहिलं, "चालू असताना मोजावं. वाचताना वार सोडू नये." खाली सही केली. मग तिला घेऊन राहनाळला गेलो. इद्रिस फाटकावर बसला होता. मला बघून नेहमीसारखा भिंतीला धरून उठायला लागला. सलाम साहब, म्हणाला. मी त्याला खाली बसवलं, शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "इद्रिसभाई, नानांनी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. ती मला सांगायची आहे."

तो म्हणाला, "मालूम है साहब. नाना ने बोला था, एक दिन आके ख़ुद बोलेगा."